आभार आधी, म्हैस नंतर

देवाला कामाला लावायची विद्या या पृथ्वीतलावर आजवर एकाच बाईला साधली आणि ती बाई गोंदियाजवळच्या मुर्रीला आमच्या कुंपणापलीकडे राहत होती, असं मी म्हटलं की माझी नातवंडं हसतात. हसोत बापडी. मी लग्न होऊन मुर्रीला आले तेव्हा स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती, गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं आणि आम्ही सगळे मध्यप्रदेशात होतो. ही शेजारीण कुठल्याशा ख्रिस्ती मिशनच्या वसतिगृहात वाढलेली. नवरा गोंदिया स्टेशनच्या केबिनमध्ये गाड्यांचे सांधे बदलायच्या कामावर. गाव तिला मिशनवाली म्हणे, आम्ही सुना काकी म्हणत असू. उंच, हाडापेरानं दणकट आणि आवाज असा, की तिनं म्हशीला हाक मारली की आमचे बैल थबकत. काका अगदी उलट. दिवसाला तीन वाक्यं बोलत, त्यांतलं एक 'हो' असे.

ख्रिस्ती घरांत एक छान रीत असते. आजारी माणूस बरं झालं, पोरगं पास झालं, नोकरी लागली, की घरी आभाराची प्रार्थना ठेवतात. चार माणसं बोलावतात, गाणी म्हणतात, देवाचे आभार मानतात आणि मग चहा-फराळ होतो. काकीनं या रितीत एवढीच सुधारणा केली होती की काम व्हायच्या आधीच ती आभार मानून मोकळी होई. लग्नानंतर आठच दिवसांनी मला पहिलं बोलावणं आलं, ते तिची हरवलेली म्हैस सापडल्याबद्दल. ओसरीत पंचवीसेक माणसं, हिंदू-ख्रिस्ती सगळी मिसळून बसलेली. ढोलकी झाली, टाळ झाले, प्रार्थना झाली, मुरमुऱ्यांच्या लाडवांची परात फिरली. नव्या नवरीनं बोलायचं नसतं हे ठाऊक असूनही मी विचारलं, "म्हैस कोठं सापडली, काकी?" "सापडन ना वो," काकी म्हणाली. "काऊन एवढी घाई करून राहिली?" ओसरीतली चघळणारी तोंडं जागच्या जागी थांबली. आभार तर देवाकडे पोचलेले, लाडू निम्मा पोटात गेलेला, आणि म्हैस बेपत्ता! दुसऱ्या दिवशी उजाडताच माझे सासरे, दोन्ही दीर आणि निम्मी मुर्री काठ्या घेऊन निघाली, ती पांगोली नदीच्या काठावरून म्हैस घेऊनच परतली. खाल्ल्या लाडवाची लाज कोणाला नसते?

काकीला मात्र यात आमच्या लोकांची काही कर्तबगारी दिसत नसे. "म्हैस देवानं आनली," ती सांगे. "कोनाच्या पायानं आनाची, ते त्याचा तो पाहते." तिची प्रार्थनाही ऐकण्यासारखी असे. डोळे घट्ट मिटून, हात जोडून ती सुरू करी, "हे दयाळू बापा, तू आमच्यावर छत धरलंस म्हणून तुझी स्तुती असो, ते कोंबडी हाकला ना कोनी, आणि तुझी कृपा आम्हांवर सदा राहो, चुलीवरचं दूध उतू जाऊन राहिलं पाहा, आमेन." हे सगळं एकाच सुरात चाले, त्यामुळे यातलं देवासाठी कोणतं आणि आमच्यासाठी कोणतं हे ज्याचं त्यानं ओळखून उठावं लागे. छताचे आभार मानले त्या दिवशी खरं म्हणजे छत नव्हतंच. वानरांनी नाचून निम्मी कवेलू, म्हणजे कौलं, फोडली होती, आणि उन्हाचा एक गोल तुकडा नेमका गावच्या कुंभाराच्या टकलावर पडला होता. त्यानं एकदा वर पाहिलं, एकदा हातातल्या लाडवाकडे पाहिलं आणि मोठा सुस्कारा सोडला. चार दिवसांत कवेलूंनी भरलेली बैलबंडी काकीच्या दारात उभी राहिली.

गोंदियाच्या चर्चच्या पाळकसाहेबांना हा प्रकार फारसा मान्य नव्हता. मिळाल्यावर आभार मानावेत, असं त्यांनी तिला समजावून पाहिलं. काकी त्यांच्यापुढे लाडू ठेवत म्हणाली, "भेटल्यावर त कोनीबी आभार मानते, साहेब. मंग देवावर भरोसा कधी ठेवाचा? पाहुना येनार असला का बाई आधी पाट मांडते. पाहुना दारात उभा राहिल्यावर पाट धुवाले बसन, ते बाई काय कामाची?" पाळकसाहेबांनी लाडू उचलून खाल्ला. तो चर्चसाठी बाजाची पेटी मिळाल्याचा लाडू होता, हे त्यांना मागाहून कळलं, आणि बिचारे पुढं महिनाभर जुनी पेटी शोधत वणवण हिंडले. सगळंच जमे असं नाही. ढेकूण गेल्याबद्दल तिनं तीनदा आभार मानले आणि तिन्ही वेळा ढेकूण कार्यक्रमाला हजर होते. माझा धाकटा दीर मॅट्रिक पास झाल्याचे आभार परीक्षेआधीच झाले आणि पुढं तो गणितात आपटला. आता काकी तोंड कसं दाखवणार असं आम्हाला वाटत होतं, तर तीच कुंपणावरून ओरडली, "देवानं आपलं काम केलं होतं बाबू, तुनं पेपर कोरा काऊन ठेवला?"

या साऱ्या जाळ्यातून एकच व्यक्ती सुटलेली होती, ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं आणि काकीचं वीस वर्षांचं शेजार आणि वीस वर्षांचं भांडण; कधी कोंबड्यांवरून, कधी सांडपाण्यावरून. बोलावणं आलं की सासूबाई सगळ्यांच्या आधी जाऊन ओसरीचा खांब धरून बसत, पण मिशनवालीच्या हातचं अन्न त्यांनी कधी तोंडात घातलं नाही. आमची सोवळ्या-ओवळ्याची माणसं. सासरे खात, आणि ते खाताना सासूबाई दुसरीकडे पाहत. स्वतः त्या सुपारीचं एक खांड उचलत, आणि त्यांच्यासोबत मलाही सुपारीच चघळत बसावं लागे. लाडवांना तुपाचा वास येई आणि माझा जीव तळमळे. काकीला याचं वाईट वाटत असेल तर तिनं ते कधी दाखवलं नाही. परात सासूबाईंसमोर आली की ती सुपारीचं ताट पुढं करी.

मग एका वर्षी, धान निसवून लोंब्या धरायला लागलं असताना, काका पोट धरून केबिनमध्येच खाली बसले. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पोटात गाठ निघाली. पोट उघडल्यावरच काय ते कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकी दोन दिवस तिथं राहून, आपल्या दिराला काकांच्या सोबतीला ठेवून परत आली, कारण तिची म्हैस दुसऱ्या कोणाला आचळाला हात लावू देत नसे. आल्या आल्या तिनं गावभर निरोप दिला: रविवारी दुपारी आभाराची प्रार्थना. "कायचे आभार?" असं सासूबाईंनी कुंपणावरून विचारलं. "हे बरे होऊन घरी आले, त्याचे," काकी म्हणाली, आणि गोवऱ्या थापायला बसली.

त्या रविवारी ओसरी भरली होती. गाणी झाली. प्रार्थना इतकी थोडक्यात झाली की आम्ही डोळे मिटेपर्यंत आमेन आलं. ना कोंबडी, ना दूध. मग काकीनं परात उचलली आणि पहिल्या माणसासमोर धरली. त्यानं हात जोडले. दुसऱ्यानं मान खाली घातली. परात एकेकासमोरून जात राहिली आणि एकही लाडू उचलला गेला नाही. कुंभारापाशी आली तेव्हा तो गलबलून म्हणाला, "काकी, कवेलू असते त आनून देल्ले असते वो. हे आमच्यानं होत नाही." सगळ्यांच्या मनातलं तेच होतं. वर्षानुवर्षं गाव लाडू खाऊन कामाला लागत आलं होतं, आणि हे काम कोणाच्याच हातातलं नव्हतं. काकी ओसरीच्या टोकाला भरली परात घेऊन उभी राहिली. देवावरचा तिचा भरवसा हलला नसेल, पण आपल्यासोबत कोणीच नाही हे तिला त्या क्षणी दिसलं, आणि मला ते पाहवेना.

तेवढ्यात खांबाजवळून आवाज आला. "इकडे आन ते."

सासूबाई पदर खोचून उभ्या होत्या. काकीनं सवयीनं सुपारीचं ताट शोधायला मान वळवली. "सुपारी नोको," सासूबाई म्हणाल्या. "लाडू दे." आणि साऱ्या मुर्रीच्या देखत त्यांनी परातीतला लाडू उचलून तोंडात घातला. मग भरल्या तोंडानं त्या कुंभारावर खेकसल्या, "तुले कोन आनाले सांगून राहिलं रे? तिनं देवाले सांगतलं, तुले नाही. गुमान खा." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू काऊन पाहून राहिली? तुले काय वेगळं आवतन पाह्यजे?" मी दोन उचलले. परात बघता बघता रिकामी झाली. सासरे मात्र हातातला लाडू विसरून, या बाईशी आपण तीस वर्षं संसार केला का, अशा नजरेनं सासूबाईंकडे पाहत राहिले.

नागपूरहून पोस्टकार्ड आलं: गाठ काढली, माणूस शुद्धीवर आहे. महिन्याभरानं, धान कापणीला आलं असताना, स्टेशनकडून एक टांगा आला आणि काका उतरले. अर्धे झाले होते, कोट खांद्यावरून घसरत होता, पण स्वतःच्या पायांनी उतरले. सगळा गाव गोळा झाला. आता काकी असा आवाज लावील की डोंगरगडपर्यंत ऐकू जाईल, अशी आमची खात्री होती. पण काकी दारातल्या पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. लहान पोरीसारखी, अंग गदगदवून. कोणाला काय करावं कळेना. काकांनी पिशवी खाली ठेवली आणि ते आपलं त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलले, "आता कायले रडून राहिली? आभार त आधीच मानले होते म्हणे?"

"मानले होते जी," काकी हुंदके देत म्हणाली. "भ्याचं राहून गेलं होतं."

सासूबाई तिच्याजवळ पायरीवर जाऊन टेकल्या. म्हणाल्या, "भेऊन घे मंग. मी हाओ इथी." आणि ती पुरती भिऊन होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

काका त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. आता तिघंही नाहीत. मी मात्र या वयातही उलट्या टोकाकडूनच सुरू करते: पोराची गाडी अर्धा तास उशिरा आली तरी आधी पोटभर भिऊन घेते, आणि आभार मागाहून मानते, तेही आठवले तर.