दहा दिवसांची खळ

खराडीच्या एका आयटी कंपनीतून फोन आला तेव्हा मी विश्रांतवाडीच्या घरात दुखरी दाढ धरून बसले होते. "मॅम, तुमच्या वॉलवरनं कागद गळतोय. क्लायंट व्हिजिटच्या आधी काहीतरी करा ना, प्लीज." रिसेप्शनची ती भिंत माझी होती. कातरलेल्या फुलांची पांढरी जाळी, चार महिन्यांचं काम. कायम राहील असं मला मिळालेलं पहिलंच काम, आणि ते फसलं तर बहुधा शेवटचंही.

जाऊन पाहिलं. कसर लागली होती. कागद फारसा खाल्ला नव्हता, सांधे खाल्ले होते. जिथे खळ लावून चिकटवलं तिथे भोक. झाडलोट करणाऱ्या बाईंनी गळलेली फुलं माझ्यासाठी पिशवीत भरून ठेवली होती. त्या कंपनीत मला शहाण्या वाटल्या त्या तेवढ्याच. मॅनेजरने लेझरने कापलेला अ‍ॅक्रिलिकचा नमुना पुढे केला. "सेम डिझाइन, मॅम. मेंटेनन्स झीरो." विचार करून सांगते, म्हणाले. खरं तर विचार करण्याइतकंही त्राण नव्हतं.

पिशवी घेऊन गंज पेठेत चाचांकडे गेले. चाचा मोहरमचे ताबूत बनवतात. कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर कातरलेल्या कागदाची जाळी. कात्री धरायला मला कॉलेजने नाही, त्यांनी शिकवलं. भिंतीसाठी मैद्याची खळही त्यांनीच शिजवून दिली होती, डबे भरभरून. म्हणून मी तावातच होते.

"चाचा, तुमच्या खळीने माझा घात केला."

त्यांनी एक फूल चष्म्याजवळ नेलं. आधी काप पाहिला, मग सांधा. "हे दहा दिवसांच्या प्रदर्शनाला होतं ना? तूच म्हणालीस."

म्हणाले होते. ताबुताची जाळी कंपनीच्या भिंतीवर जाणार म्हटल्यावर ते नको म्हणतील, या भीतीने मी चक्क खोटं बोलले होते. तेव्हा ते मला हुशारीचं वाटलं होतं.

"ताबूत दहाव्या दिवशी नदीवर थंडा करतो आपण. दहा दिवसांच्या कामाला विष कशाला? पोरंटोरं हात लावतात." त्यांनी फळीवरच्या निळ्या खड्यांच्या बरणीकडे बोट केलं. "मोरचूद. मशिदीतली जुनी पुस्तकं बांधतो, तेव्हा खळीत एक चिमूट टाकतो. कसर फिरकत नाही."

चार महिने मी त्याच बरणीखाली बसून कागद कातरत होते.

"खरं सांगितलं असतं तर नाही म्हणाला असतात?"

"नाही कशाला म्हणू, बेटा? आयुष्यभर केलेलं सगळं नदीत सोडलं. एखादं राहिलं असतं तर बघायला आलो असतो."

उद्घाटनाला मी ओळखीच्या सगळ्यांना बोलावलं होतं. फक्त त्यांना नव्हतं बोलावलं.