पेडलवरचा पाय

काल ब्रेक ऑइलचा डबा उघडला आणि त्या उग्र वासाने सुपारीच्या वाडीतली एक जुनी दुपार समोर आली. आमच्या जुन्या गाडीला मी हौसेने डिस्क ब्रेक बसवले होते, पण पेडल दगडासारखं कडक. बोर्लीच्या उतारावर गाडी थांबवायला बायकोला अक्षरशः त्यावर उभं राहावं लागलं. घरी येऊन तिने चावी माझ्या हातात ठेवली. “अहो, ही गाडी तुमची तुम्हीच चालवा.” मला राग आला, तरी दुसऱ्याच दिवशी माणगावहून पायाचा जोर वाचवणारा बूस्टर आणून बसवला. मग ब्रेकच्या पाइपातली हवा काढायची, आणि त्याला माणसं दोन लागतात, एक पेडल दाबायला, एक खाली नट सैल करायला. ती सीटवर बसली, मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो. “दाब.” “दाबला.” “धरून ठेव.” “धरलाय हो, किती वेळ?” “सोड.” चारही चाकं होईपर्यंत हेच चाललं. शेवटी ती हसून म्हणाली, “आता नुसत्या अंगठ्याने थांबेल!” तिला जाऊन तीन पावसाळे झाले. काल ऑइल बदलायला पुन्हा गाडीखाली शिरलो, सवयीने “दाब” म्हणालो, आणि पाना धरून उत्तराची वाट पाहत राहिलो.