सुईला सुई

बिबवेवाडीत कुणाला भाकरी हवी असली की लोक सुंदराबाईंचं दार वाजवत. नवरा गेल्यावर त्यांनी याच भाकऱ्यांवर प्रज्ञेशला इंजिनीअर केलं. तो आधी हिंजवडीला लागला आणि कंपनीनं त्याला उचलून अमेरिकेत नेलं. आता पाच वर्षांनी आठवडाभर येणार होता. मागितलं होतं एकच, आईच्या हातची भाकरी.

फोनवर तो सहज बोलून गेला, "इथल्या डॉक्टरांनी मला टायफॉइडची लस दिली. भारतात जाणाऱ्यांना देतात."

"अरे, तू घरी येतोयस."

"घर भारतातच आहे ना, आई."

सकाळची बुद्धवंदना झाल्यावरही सुंदराबाईंच्या डोक्यातून ते जाईना. पाहुणा आपल्यासाठी दंड टोचून घेतो आणि आपण नुसतं 'ये' म्हणायचं? मानपानात त्यांनी कुणाचं कधी अंगावर ठेवलं नव्हतं. लुगड्याला लुगडं, टोपीला टोपी, तशी सुईला सुई. तो येण्याच्या आदल्या दिवशी त्या सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात जाऊन बसल्या.

"प्रवास कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुठं नाही. मुलगा येतोय."

"मग लस त्याला द्या."

"त्यानं घेतली, म्हणून तर आले."

"अहो, ही लस आहे, आहेर नाही. काम काय करता?"

"भाकऱ्या करून विकते."

"लोकांना खायला घालता, तर घ्या. पण गुण यायला दोन आठवडे लागतात. आणि लस घेतली तरी पाणी उकळूनच प्यायचं."

"दोन आठवड्यांत तर तो परत जाईल."

"मग आजच कशाला घेताय?"

"घेतली, एवढं त्याला कळलं म्हणजे झालं."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. "डावा दंड पुढे करा."

"उजवा. भाकरी त्या हातानं थापते."

"लसीला काय कळतंय कुठला हात ते."

"मला कळतं ना."

दुसऱ्या दिवशी प्रज्ञेश पानावर बसला आणि सुंदराबाईंचा उजवा दंड ठणकायला लागला. पहिली भाकरी परातीतच चिकटली, दुसरी उचलताना फाटली. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तू टोचून घेतलंस, म्हणून कालच मीही लस घेतली, याच दंडाला."

"राहू दे आई. पोळी-भाजी केंद्रातून मागवू."

"केंद्र मीच आहे."

तो उठला, हात धुतले आणि मागे बसून त्यानं आईचं कोपर आपल्या तळहातावर तोलून धरलं. सुंदराबाईंनी पीठ घेतलं आणि थापायला सुरुवात केली. भाकरी तव्यावर पडली, फुगलीही.

त्यानं तुकडा मोडला. "एका बाजूनं जाड झालीय."

"ती तुझी बाजू," सुंदराबाई म्हणाल्या आणि दुसरा गोळा मळायला घेतला.