सुमनताईंनी घातलेली चूल

माझा संसार एका मातीच्या चुलीने वाचवला.
ती चूल घालणाऱ्या सुमनताई आज पहाटे गेल्या.

हल्ली शहरात ‘सस्टेनेबल लिव्हिंग’ची वर्कशॉप्स होतात म्हणे. करोत बापडे. आमच्या ताईंनी ऐंशीच्या दशकात गुहागर तालुक्यातल्या देवळांमधून हेच केलं, आणि त्याला नुसतं ‘शिबिर’ म्हणायच्या.

माझं माहेर रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला. रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक शिकलेली मी. लग्न होऊन आले ती पार आतल्या गावात. नवरा लोट्याच्या एमआयडीसीत, एका कंपनीत, तिथेच खोली करून राहायचा, सुट्टीला घरी यायचा. घरात मी आणि सासूबाई.

आणि धूर.

ओली लाकडं, फुंकणी आणि माझी छाती. खोकला असा यायचा की भाकरी तव्यावर करपायची आणि मी पडवीत खांब धरून उभी. गावात कुजबुज सुरू झाली, दम्याची पोरगी लपवून दिली म्हणून.

सासूबाई वाईट नव्हत्या हो. पण त्यांनी माझ्या नवऱ्याला सरळ सांगितलं, हिला माहेरी पाठव, बरी झाली की बघू.
हे ‘बघू’ म्हणजे काय, ते आम्हा बायकांना बरोबर कळतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सुमनताई आल्या. एसटीच्या टपावर पत्र्याचे पाईप घेऊन. बाई एकदम फटकळ!
सांडपाण्यावर परसबाग, कुळथाला मोड, नाचणीचं सत्त्व, शोषखड्डा आणि बिनधुराची चूल, असं सगळं त्यांचं शिबिर.

पुरुष मंडळी हसली. चुलीत काय शिकायचंय?
ताईंनी सरपंचांनाच ओल्या लाकडांच्या चुलीपुढे बसवलं आणि एक भाकरी भाजून दाखवा म्हणाल्या. सरपंच डोळे पुसत उठले. पहिली चूल त्यांच्याच घरी घातली.

दुसरी आमच्याकडे.
माती, शेण, भाताचं तूस. बाजूला दुसरं भांडं ठेवायला वैल, मागून पाईप थेट कौलाबाहेर.
त्या दिवशी मी भाकऱ्या थापताना गाणं म्हटलं. सासूबाईंनी वळून बघितलं.

पण एक घोळ झाला, आणि तो ताईंचाच.

आमच्याकडे भाजीचं बियाणं चुलीच्या वर टांगतात. दोडका, पडवळ, काकडी, भोपळा, सगळं एका बांबूच्या ताटीवर. धुराने कीड लागत नाही. बायकांनी शिबिरात विचारलंही होतं, धूर गेला तर बियाण्याचं काय? ताईंनी उडवून लावलं. डब्यात ठेवा, काही होत नाही म्हणाल्या.

आगोटीला, पाऊस तोंडावर आला तसे डबे उघडले. निम्म्या बियाण्याला बुरशी, उरलेल्यातल्या बहुतेकाचा भुगा.

गाव पेटलं. चूल म्हणजे लक्ष्मी, ती कोण फोडणार? म्हणून सगळ्यांनी वाचलेलं मूठभर बियाणं परत चुलीवर टांगलं आणि धुराड्यात गोणपाट कोंबलं. धूर परत घरात, आधीपेक्षा दुप्पट.
मी चुलीपुढेच कोसळले.
शुद्धीवर आले तर सासूबाई माझी पिशवी भरत होत्या. नवरा सुट्टीला आला की मला रत्नागिरीला सोडणार, हे ठरलं.

मीच एसटीच्या कंडक्टरबरोबर ताईंना निरोप धाडला. लाज सोडून धाडला.

दुसरी एखादी असती तर तोंड लपवून बसली असती. ह्या बाई आल्या, देवळात सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या.
“तुम्ही विचारलं होतंत. मी ऐकलं नाही. माझं चुकलं.”
एवढंच बोलल्या आणि तडक आमच्या घरी आल्या.

सासूबाई भांडायला तयारच होत्या. “बियाना गेला तर पावसात लावायचा काय?”

“बियाणं की सून, असं मी विचारणारच नाही,” ताई म्हणाल्या. “दोन्ही ठेवायचं.”

आणि घरभर फिरायला लागल्या. पडवी, गोठा, मागचं दार.
मागे आमची न्हाणी. तिथे आंघोळीचं पाणी तापवायची चूल, वर नुसता झावळांचा मांडव. रोज सकाळी धुराचा लोट, आणि कुणाच्या छातीत काही जात नाही.
ताईंनी विचारलं, बियाणं इथे का नाही टांगत?

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. न्हाणीच्या आगीवर बियाणं? उष्ट्या-खरकट्या पाण्याच्या जागेवर लक्ष्मी टांगायची? असलं आमच्यात कुणी केलंच नव्हतं.

ताईंनी वाद घातला नाही.  मला परत खोकल्याची उबळ आली.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग उठल्या. चुलीवरची ताटी स्वतः सोडली, मागे नेली आणि न्हाणीच्या मांडवाला काथ्याने आवळून बांधली. काठी घेऊन धुराड्यातलं गोणपाट खाली पाडलं.
मग आत जाऊन माझी पिशवी रिकामी केली. लुगडी घडी घालून फळीवर ठेवली.  मी हमसून हमसून रडले.

पुढच्या वर्षी त्याच बियाण्याच्या वेलांनी परसातला मांडव भरला. ताई म्हणे नंतर प्रत्येक गावात शिरल्यावर आधी हेच विचारायच्या, तुमच्या न्हाणीची चूल कुठाय? आणि आमच्या गावात काय चुकलं ते न लाजता सांगायच्या. अशी माणसं मी फार बघितली नाहीत.

मेसेज आला तशी निघाले. आत्ताच परत आलेय.
त्यांच्या अंगणात बायकाच बायका. गुहागर, चिपळूण, खेडकडच्या. कुणी कुणाला ओळखत नाही.
ताईंचा भाचा गोंधळून गेला होता. मला म्हणाला, “तुम्ही आत्याच्या कोण?”

काय नातं सांगू?
म्हटलं, “मला घरातून माहेरी पाठवणार होते. ताईंनी राहू दिलं.”

शेजारी एक खेडकडची बाई उभी होती. तिने माझा हात धरला.
“मलापण,” म्हणाली.

ताई, भरल्या डोळ्यांनी आणि मोकळ्या छातीने तुम्हाला श्रद्धांजली.