रफीक सरांची हौदावरची परीक्षा

रफीक सर गेल्याचं मला त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं. मी अमरावतीला मुलाकडे होते, सकाळी मेथी निवडत बसले होते. "बाई, अब्बा गेले," एवढंच ती बोलली. तेल्हाऱ्याच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी मुख्याध्यापिका होते. अकरा वर्षं आम्ही एकत्र काढली. त्यांना उभ्या नोकरीत एकच मेमो मिळाला, आणि तो मी दिलेला होता. दीड महिना झाला, तो मेमो काही डोक्यातून जात नाही.

उंच, सडपातळ माणूस. शर्टाचा खिसा कायम खडूनं पांढरा. घरी उर्दू, फळ्यावर पुस्तकी मराठी, आणि जीव लावून काही सांगायचं असलं की वऱ्हाडी. चाचणीचे पेपर तपासायला घेतले की ते उदास होत. "बाई, पोट्टे सूत्र लिहून राहिले, पन त्याचं काय करायचं ते त्याईले मालूमच नाही," म्हणत. मी ऐकून सोडून देई. मला दहावीच्या निकालाची धास्ती. कच्ची मुलं नववीतच अडवली की पुढचा निकाल चांगला दिसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. आज हे लिहितानाही जड जातं...

त्या वर्षी घनफळाच्या धड्यावर त्यांनी पेपर काढलाच नाही. नववीच्या मुलांच्या हातात टेप दिले आणि सगळा वर्ग शाळेच्या हौदापाशी नेला. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. पिण्याचं पाणी टँकरनं येऊन त्या हौदात पडायचं. हौदावर '५००० लिटर' असं रंगवलेलं होतं, तरी पाणी कधी पुरायचं नाही. सर मुलांना म्हणाले, "यात खरंच किती पानी मावते ते शोधा अन् मले समजावून सांगा. हेच तुमची परीक्षा." चार दिवस मुलं हौदाभोवतीच. मग पालकांची तक्रार आली, की मास्तर शिकवायचं सोडून टाकी मोजायला लावतात. मी मेमो काढला आणि नेहमीची वीस गुणांची चाचणी घ्यायला लावली.

त्या वर्गात शुभांगी नावाची मुलगी होती. पेपर हातात पडला की तिला दरदरून घाम फुटायचा. तिचे वडील मला सांगून गेले होते, "औंदा नापास झाली तं घरीच बसवतो." चाचणीत तिला वीसपैकी दोन गुण मिळाले. तो पेपर मी सरांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटा करून ठेवला.

"बाई, हे पोरगी कागदापाशी भेते. हौदापाशी नाही भेत. मंग मी मार्क कायचे देऊ, भेण्याचे?" आणि मग हळूच म्हणाले, "दहा मिनिटं या माह्यासंगं."

मी गेले ती, खरं सांगायचं तर, त्यांना चूक ठरवायला. शुभांगी आधी खाली बघत उभी होती. टेप हातात आला तसा तिला आवाज फुटला.

"बाई, सगळ्याईनं बाहेरून मोजलं. पन भिंतीच्या जाडीत पानी थोडीच मावते? मी आतून मोजलं. अन् तोटी खालून ईतभर वर हाये, तिच्या खालचं पानी निंगतच नाही. आपल्या कामाचं पानी तीन हजाराच्या आतच हाये."

"वीतभर म्हणजे किती?" मी तिला पकडायला विचारलं.

तिनं टेपवर हात ताणून ठेवला. "पंधरा सेंटिमीटर, बाई. माही ईत लहान हाये."

इतकी वर्षं मी त्याच हौदाचं पाणी पीत होते. ती तोटी कधी माझ्या नजरेला पडली नव्हती.

तिच्या हौदाच्या मोजणीबद्दल सरांनी लिहिलेल्या टिपणावर मी अंतर्गत गुणांसाठी सही केली आणि शुभांगी दहावीत गेली. दहावीत ती गणितातच नापास झाली, हेही सांगायला हवं. सर महिनाभर तिच्यासोबत बसले, रोज एक पेपर पुढे ठेवून, नुसती भीती मोडायला. पुढच्या खेपेला ती सुटली. आज अकोल्यात एका कंत्राटदाराकडे बांधकामाची मोजमापं घेते. मेमो मात्र मी मागे घेतला नाही. निवृत्त होईपर्यंत तो त्यांच्या फाइलीत राहिला आणि त्यांनी त्याचा कधी विषयही काढला नाही.

मागच्या आठवड्यात सरांच्या पत्नीला, भाभींना, भेटायला तेल्हाऱ्याला गेले. मेमोचं त्यांना सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मले मालूम हाये, बाई. त्या दिवशी घरी येऊन म्हनत होते, बाईलेबी वरून परीक्षाच लावून देल्ली हाये, थ्या तरी काय करतीन..."

तेवढ्यात शेजारची चौथीतली मुलगी आली आणि सवयीनं चटईवर बसली. शाळेतून आल्यावर त्या दिवशी शिकलेलं सरांना करून दाखवायचं, असा तिचा नेम होता. सर गेल्यावरही ती येते, भाभी ऐकतात. भाभींनी तिच्यापुढे संत्रं ठेवलं. तिनं ते सोललं, फोडी मोजल्या, तीन भाभींना दिल्या, दोन मला. "दहातल्या दोन बाईले, म्हंजे दोन छेद दहा," ती म्हणाली.

"मले नाही समजलं. फिरून सांग," भाभी म्हणाल्या. मग माझ्याकडे झुकून हलकेच बोलल्या, "थे असंच म्हनत. समजलं असलं तरीबी."

पोरीनं भाभींच्या तीन आणि माझ्या हातातल्या दोन्ही फोडी परत घेतल्या, सगळ्या नीट जुळवल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागली.