कॉम्प्युटरनं न धरलेली थरथर

सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी आणि माझा कॉलेजातला मित्र सांगलीत एका पत्र्याच्या शेडमध्ये वायरलेस सेटचे ऑसिलेटर बनवायचो. ऑसिलेटर म्हणजे सेटला ठरलेली फ्रिक्वेन्सी पुरवणारं सर्किट. ही फ्रिक्वेन्सी कधीच पूर्ण स्थिर नसते, किंचित थरथरत असते. थरथर वाढली की शेजारच्या जोरदार स्टेशनाचा गोंगाट पसरतो आणि लांबून येणारा क्षीण आवाज त्यात बुडतो. मित्र वाईचा. त्याचा थोरला भाऊ फौजेत वायरलेसवरच होता, त्यामुळं असा आवाज बुडणं म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

फौजेच्या कामासाठी आम्ही एक नमुना तयार केला. मित्रानं पुण्याला एका ओळखीच्या संस्थेत जाऊन पंचकार्डांवर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर, सर्किट मांडलं आणि कॉम्प्युटरकडून थरथरीचा हिशेब काढून आणला. उत्तर फार सुंदर होतं, थरथर अगदी नगण्य. तो आला तेव्हा चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

मग मी प्रत्यक्ष मोजलं. थरथर हिशेबाच्या कितीतरी पट निघाली. सगळी जोडणी सोडवून परत केली, तरी तेच. मित्राचं म्हणणं, माझं मोजमाप चुकतंय. माझं म्हणणं, त्याच्या हिशेबात काहीतरी राहिलंय. फौजेकडून तपासणीचे साहेब पुढच्याच आठवड्यात यायचे होते. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलू लागलो, मग डबेही वेगवेगळे खाऊ लागलो.

आम्ही दोन सारखे ऑसिलेटर एकमेकांविरुद्ध लावून मोजत होतो. एका सकाळी मित्र माझ्याकडं न बघताच म्हणाला, की जी दिसतेय ती दोघांची मिळून थरथर आहे, एकाची त्यात निम्मीच. ते खरं होतं, पण तेवढ्यानं तफावत भरून निघत नव्हती.

शेजारच्या कारखान्यातलं लेथ मशीन सुरू झालं की आमचा दिवा मंद व्हायचा. हिशेबात मात्र आम्ही वीजपुरवठा अगदी स्वच्छ, चढउतार नसलेला धरला होता. मित्रानं मलकापूरला जाऊन मामाच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली. तिच्यावर ऑसिलेटर चालवला आणि थरथर एकदम खाली आली. आम्ही दोघंही हसलो, बऱ्याच दिवसांनी. तरीही ती हिशेबापर्यंत उतरली नाही. मग ट्रान्झिस्टर बदलून पाहिले. एकाच पाकिटातले, एकाच छापाचे, पण प्रत्येकाची स्वतःची विजेची खरखर वेगळी. ती मुळात अगदी संथ, पण ऑसिलेटरमध्ये शिरली की फ्रिक्वेन्सीला हलवायची. कॉम्प्युटरला आम्ही अशी खरखर असते हेच सांगितलं नव्हतं.

चांगले ट्रान्झिस्टर निवडायला वेळ उरला नव्हता. साहेब यायच्या आदल्या दुपारी मित्र म्हणाला, "हिशेबाचा आकडा देऊ गड्या. मागनं सुधारू की."

"आणि हा सेट तुझ्या दादाकडं गेला तर?"

तो उठला आणि सायकल काढून निघून गेला. उद्या तो येईल की नाही, आला तर काय बोलेल, याचा मला काहीच अंदाज नव्हता.

सकाळी तो आला आणि थेट मोजमापाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. साहेबांनी आकडा विचारला. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "हिशेबात एवढं येतं साहेब, पण मोजल्यावर येत नाही. कुठं चुकतंय ते कळलंय. दुरुस्त अजून झालं नाही."

साहेबांनी स्वतः मोजून बघितलं, कारणं नीट ऐकून घेतली आणि नमुना नापास केला. दुसरा आणायची मुभा मात्र दिली. ते गेल्यावर मित्र शेडबाहेर दगडावर बसला. मी चहा नेऊन दिला. "लय वाईट वाटतंय रं," तो म्हणाला. मी शेजारी बसलो.

पावसाळा संपता संपता दुसरा नमुना नेला. त्यात वीज गाळून घेणारं वेगळं सर्किट होतं आणि एकेक मोजून निवडलेले ट्रान्झिस्टर होते. तो पास झाला. मोजलेला आकडा तेव्हाही कॉम्प्युटरच्या पहिल्या उत्तरापेक्षा वाईटच होता. त्यानंतर मित्र हिशेबाला पुण्याला निघाला, की आधी मोजलेल्यातला सगळ्यात वाईट ट्रान्झिस्टर कोणता, ते मला विचारून त्याची खरखर हिशेबात धरायला लिहून न्यायचा.