पॅनवरची हाळी

खुर्ची रिकामी होती. मला कोणी "बस" म्हटलं नाही.

टेबलापलीकडे तिघे. मधोमध चेअरमनसाहेब, एका बाजूला कारखान्याचे लेबर ऑफिसर, दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेले चष्मेवाले साहेब. सुपरवायझरच्या सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला साखर कारखाना एक माणूस पुण्याला पाठवणार होता. परत आला की तो पॅनमन होणार. पाक शिजतो त्या पॅनवर मी हेल्पर होतो, म्हणून अर्ज केला. माझ्या आधीचे उमेदवार बसून बोलत होते. दाराच्या फटीतून मी पाहिलं होतं. मी आत गेलो तर खुर्ची तिथंच होती आणि मी तिच्यामागे उभा. तिच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही.

मुलाखतीसाठी श्रीरामपूरच्या बाजारातून पांढरा शर्ट घेतला होता. नव्या कापडाची खळ मानेला टोचत होती.

चेअरमननी कागद बघितला, मग मला बघितलं. "कुनाचा रं तू?"

मी बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. चेअरमनचं आणि आमचं गाव एकच.

"म्हंजे गावात हाळी घालत फिरायचा, त्याचा व्हय?" मग बाकीच्या दोघांना खुलासा. "ह्याचा बाप आमचा येसकर हुता. लई इमानी मानूस."

पुण्याच्या साहेबांनी छापील फॉर्म पुढं ओढला. कामाचं ज्ञान, हजेरी, वागणूक आणि शेवटी नेतृत्व असे रकाने होते, प्रत्येकाला दहा गुण. मला उलटं वाचता येतं. गावच्या हॉटेलात लोक आत बाकावर बसून पेपर वाचायचे. मी बाहेर, त्यांच्या समोर उभा राहून तोच पेपर उलटा वाचायचो. ज्ञानाच्या रकान्यात साहेबांनी नऊ लिहिले ते मला दिसले. ऊर भरून आला. खोटं कशाला बोलू?

मग त्यांनी विचारलं, "समजा तुमच्या हाताखाली दहा माणसं आहेत. त्यातला एक तुमचं ऐकत नाही. काय कराल?"

"साहेब, मी त्याला काचेवर साखरेचा दाणा दाखवीन. दाणा बघितला की..."

चेअरमन हसले. "आवो, एक कसला? धाच्या धा न्हाई ऐकायचे ह्याचं. आमच्या पोरांनी ह्याचा हुकूम ऐकायचा म्हंजे..." वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती. लेबर ऑफिसरही हसले.

पुण्याचे साहेब हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि नेतृत्वाच्या रकान्यात शून्य लिहिलं. सावकाश, चांगलं गोल.

हसणाऱ्यांपेक्षा मला त्या शून्याचा जास्त संताप आला. हसणारा निदान तोंडावर हसला. ह्या शिकलेल्या माणसानं ते हसणं कागदावर उतरवून घेतलं. आता तो चेअरमनचा दोष राहिला नाही, माझा झाला. माझ्यात काहीतरी कमी आहे असं सहीशिक्क्यानिशी ठरलं.

निघताना चेअरमन म्हणाले, "हात हुशार हाय तुजा. नाराज हू नको. आपला विलास पुन्याहून आला की त्याला तूच तयार कर."

विलास म्हणजे त्यांचा पुतण्या. तो पॅनच्या मजल्याचा जिना एकदाही चढला नव्हता.

पॅन म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उसाचा रस आटवून पाक करतात आणि तो पाक पॅनमध्ये शिजवतात. पॅन म्हणजे घराएवढा बंद लोखंडी हंडा. त्यात साखरेचा दाणा धरतो, वाढतो. दाणा तयार झाला की तेवढ्या वेळातच पॅन खाली सोडावं लागतं. घाई केली तर दाणा बारीक राहून वाहून जातो. उशीर केला तर पाक आवळतो, पॅनला धरून बसतो, मग बसा पहारीनं फोडत. ही वेळ कुठलं घड्याळ सांगत नाही. सळईनं पाक काढायचा, काचेवर पसरायचा, उजेडाला धरायचा, अंगठ्यात आणि बोटात चोळायचा. कळलं तर बोटालाच कळतं. कळलं की पॅनमन कठड्याशी येऊन हाळी देतो, "सोडाऽ!" खालच्या मजल्यावरची माणसं वर न बघता झडपेचं चाक फिरवतात. कारखान्यातली रीत अशी की हाळी पॅनमननंच द्यायची. हेल्परनं तोंड उघडायचं नाही.

मला हे काम जुन्या पॅनमननी शिकवलं. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. जातीनं मोठे, पण मनानं वाईट नव्हते. माझं बोट काचेवर धरून "हे बग, खरखर लागती का?" असं विचारणारे तेच. पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, मीही नाही. दाणा मी बघायचो. हळूच म्हणायचो, "तात्या, झालं." ते कठड्याशी जाऊन हाळी द्यायचे. तीन सीझन असं चाललं.

तात्या रिटायर झाले तेव्हा शाल-नारळ झाला. चेअरमन भाषणात म्हणाले, "तात्यांचा डोळा म्हंजे भिंग." तात्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग शाल घेतली. सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. मला वाटलं होतं, कधीतरी आपणहून कळेल लोकांना. मी तेवढा भाबडा होतो. चांगल्या माणसाला सांभाळून घेतोय असं मनाला सांगत होतो आणि स्वतःच स्वतःला पुसून टाकत होतो.

मुलाखतीहून सायकलवर घरी जाताना हेच डोक्यात घोळत होतं. दहाच्या दहा ऐकायचे नाहीत म्हणे. अरे, त्याच दहा माणसांनी तीन सीझन माझाच हुकूम ऐकला होता. फक्त तोंड तात्यांचं होतं.

सहा महिन्यांनी विलास परत आला. सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये. पोरगा उर्मट नव्हता, उलट भेदरलेला. पुण्यात त्याला शिकवलं होतं की माणसांना नावानं हाक मारावी, कामाची तारीफ करावी. तो रोज मला "शाबास" म्हणायचा, चार हात लांबून. दाण्याचं त्याला काही कळत नव्हतं. काच हातात धरायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा.

लेबर ऑफिसरनी तोड काढली. मी विलासच्या मागे उभं राहायचं. दाणा झाला की सळईनं कठड्याच्या लोखंडावर दोनदा टकटक करायचं. मग विलास हाळी देणार. "तुजा आवाज खाली जायला नको," ते म्हणाले. "उगं माणसं बिथरतात."

मी ते केलं. दोन महिने केलं. मुलाखतीत उभं ठेवलं त्याची मला लाज नाही, ती त्यांची त्यांना असो. ह्या दोन महिन्यांची लाज माझी आहे.

माझा बाप हाळी घालायचा. घुंगराची काठी आपटत गावभर फिरायचा. उद्या तलाठी येणार, सारा भरा हो. पाटलाचं बोलावणं आहे, चावडीवर या हो. त्याचा आवाज घराघरात माजघरापर्यंत जायचा आणि तो स्वतः उंबऱ्याबाहेर. आम्ही धर्म बदलला तेव्हा त्यानं ती काठी चावडीवर नेऊन ठेवली. पाटील म्हणाला, "उपाशी मरशील." बाप म्हणाला, "दुसऱ्याचं बोलनं माज्या तोंडात लई झालं." त्यानंतर गावानं त्याला काम दिलं नाही. तो थोडक्या दिवसांत खंगून गेला, पण काठीला पुन्हा हात लावला नाही.

आणि मी? बापाच्या तोंडात दुसऱ्याचा हुकूम होता. माझा हुकूम दुसऱ्याच्या तोंडात. मी कारखान्यात लागलो, पँट घालतो, तरी येसकरी सुटली नव्हती. नुसती उलटी झाली होती.

सीझन ऐन भरात असताना एका सकाळी पुण्याचे साहेब पॅनच्या मजल्यावर आले. ट्रेनिंगचा गुण किती आला ते बघायला. सोबत चेअरमन, लेबर ऑफिसर. हातात तोच छापील फॉर्म. मी टकटक केलं. विलासनं हाळी दिली. खाली चाक फिरलं, पॅन सुटलं. साहेब खूश झाले.

"बघा," ते चेअरमनना म्हणाले, "आवाजात अधिकार आलाय."

चेअरमन म्हणाले, "रक्तातच असतंय ते."

मी शेजारच्या पॅनकडे गेलो. तिथला दाणाही होत आला होता. काच उजेडाला धरली. बोटात चोळलं. झाला होता, अगदी हवा तसा. विलास कठड्याशी उभा राहून टकटकीची वाट बघत होता. मी सळई खाली ठेवली. चालत त्याच्या शेजारी गेलो.  कठडा धरला आणि पोटातून ओरडलो,

"सोडाऽऽ!"

खालची माणसं वर बघायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चाकावरच्या माणसानं विचारलं, "कोन बोललं?"

"मी बोललो. दाना झालाय."

कोणी हललं नाही. चाकावरचे हात तसेच. वेळ चालली होती. मी काच विलासपुढं धरली. "तूच सांग. झालाय का न्हाई?"

त्याच्या कपाळावर घाम. तो हळू म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं, "मला न्हाई कळत."

लेबर ऑफिसर माझ्या अंगावर धावले. मी जागचा हललो नाही. म्हणालो, "मला नंतर मारा. आदी पॅन बघा, आवळंल."

शेवटी चेअरमन स्वतः कठड्याशी आले. तोंड लाल. ओरडले, "सोडा रं!"

चाक फिरलं. पॅन सुटलं. हुकूम माझाच होता. ह्या वेळी तो चेअरमनच्या तोंडातून गेला, एवढंच.

मी पुण्याच्या साहेबांकडे वळलो. "साहेब, ते शून्य खोडा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

दुपारी ऑफिसात बोलावलं. एक कागद तयार होता. शिस्तभंग झाला, चुकून तोंडातून गेलं, माफी असावी. खाली सही करायची. केली तर हेल्परकी राहणार होती. मी तो कागद घरी नेला. आईनं तो हातात धरला, तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला. ती म्हणाली, "दे लिवून बाबा. दोन घास तर मिळत्यात."

मी सही केली नाही. चुकून गेलं नव्हतं.

मला काढून टाकलं. ते साल दुष्काळाचं. विहिरी खडखडीत, शेतात निंदायलाही काम नाही. आई आणि मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. दाणा ओळखणारी माझी बोटं दगडानं फुटली. आईनं माझ्या आणि स्वतःच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. रात्री ती माझ्याशी बोलायची नाही. ते माझ्या जिवाला फार लागायचं. म्हातारीला खडी फोडायला लावणारा मी कोण, असं वाटायचं. सही करून टाकावी असंही वाटलं. एकदा नाही, अनेकदा.

पुढच्या सीझनला ऊस थोडाच होता, पण कारखाना लागला. आणि एका दुपारी खडीच्या ढिगापाशी धुरळा उडवत जीप थांबली. लेबर ऑफिसर खाली उतरले. पहिल्यांदाच त्यांना माझ्याशी बोलायला खाली यावं लागलं.

"चल, बस गाडीत. पॅन आवळलंय. दुसऱ्यांदा."

मी हातोडा खाली ठेवला. "कागदावर काय लिवनार?"

"हेल्परच. पन आपन समजून घिऊ तुला. चेअरमननीच पाठवलंय."

"हाळी कोन देनार?"

 "विलास दील की. तू निस्ती टकटक करायची, मागनं."

शेजारच्या बायांचे हातोडे थांबले होते. आईचाही. मी तिच्याकडे बघितलं. तिला भाकरी दिसत होती, मलाही दिसत होती.  तिनं बोटाची सुटलेली चिंधी दातानं ओढून बांधली आणि पुढचा दगड जवळ ओढला.

मी म्हणालो, "पॅनमन म्हनून कागद आना, मग येतो. हाळी मी दीन. खालच्यांनी माज्याकडं बघून चाक फिरवायचं."

"आसं कुटं आसतंय का रं?"

"न्हाई ना? मग पहारी घ्या."

जीप गेली. धुरळा बराच वेळ आमच्या अंगावर बसत होता. पोटात सकाळपासून काही नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी काय खायचं तेही ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती आजही तशीच आहे. दाणा झाला की नाही हे मला कळतं. विचारायचं तर समोर येऊन, खुर्ची देऊन विचारा. मी सांगेन ते माझ्या तोंडानं सांगेन, माझ्या नावानं सांगेन. कोणाच्या पाठीमागे उभा राहून आता टकटक करणार नाही. नाहीतर आवळू द्या पॅन.